शेवंतीचा वाटा

पाणवळवाडीत फिरताना तुम्ही पाहिलं असेल, इथे प्रत्येक परसात एक सातवीण आहे आणि प्रत्येकीच्या खोडावर खालपासून वर वीतभर रुंद चुन्याची पट्टी ओढलेली आहे. परवा एका पाहुण्याने विचारलं, वाळवी लागू नये म्हणून का? म्हटलं, वाळवी काय एवढीच पट्टी मोजून चढते? बसा, सांगतो.

फार पूर्वी वाडीत एकच सातवीण होती म्हणे, आवडी नावाच्या एकट्या बाईच्या परसात. तिच्या मुलीला, शेवंतीला, श्रावणात हिवताप आला. आवडीने सातविणीची साल काढून कडू काढा पाजला आणि पोर उठून बसली. ही गोष्ट वाडीभर झाली. त्या वर्षी घरोघर ताप होता. जो तो कोयता घेऊन तिच्या परसात येऊ लागला.

आवडी उघड्या पडलेल्या खोडाला शेणमाती लिंपायची, वरून आपलं जुनं लुगडं गुंडाळायची. सकाळी कुणीतरी ते सोडून पुन्हा साल काढायचं. शेजारीण चिडली. "नाय म्हणूक काय झाला तुका?"

"माजा चेडू ह्याच सालीन उठला," आवडी म्हणाली. "आता दुसऱ्याच्या पोराक नाय म्हणूक माका तोंड खंय आसा?"

शेवटी मागच्या अंगाला वीतभर साल उरली. खोडाभोवतीची साल पूर्ण सुटली की झाड जगत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तीही गेली. कुणी नेली ते सांगत नाहीत. त्याचं पोर वाचलं, एवढंच सांगतात.

आणि बघा, त्या कार्तिकात सातवीण कधी नव्हे इतकी फुलली. झाड वाचलं म्हणून लोकांनी सातविणीची ओटी भरली, देवाला नारळ दिला. आम्ही वाडीकर असेच भोळे. ते मरणाआधीचं फुलणं होतं. शेंगा फुटल्या, केसाळ बी वाऱ्यावर वाडीभर उडालं आणि वैशाखात झाड उभं वाळलं.

पुढच्या श्रावणात ताप परत आला आणि त्याने शेवंतीलाच गाठलं. सगळी वाडी परसात जमली, पण करणार काय? उडालेल्या बियांची रोपं दारोदार उगवली होती, तीही बोटभर उंच. त्यांना साल कुठून असणार? असं सांगतात की शेवंती गेली त्या दिवशीही आवडी वाळक्या खोडाला शेणमाती लिंपत होती आणि तिला थांबवायला कुणाचा हात उठेना.

ती रोपं लोकांनी जपली. झाडं झाल्यावर म्हाताऱ्या आवडीने परसापरसात जाऊन त्यांच्यावर स्वतः चुना ओढला म्हणे. आजही आम्ही तापाला साल घेतो, पण त्या पट्टीवर कोयता चालत नाही. पुढच्या वर्षी ज्याचं पोर तापेल, त्याच्यासाठी ती ठेवायची. शेवंतीचा वाटा म्हणतात तिला. बाकीची साल संपलेली असते आणि घरचं पोर हातचं जातंय असं दिसलं की आईबाप तिच्यासमोर येऊन उभे राहतात आणि परत फिरतात. हात लावावासा वाटला नाही, असं मात्र वाडीत कुणी म्हणत नाही.