राजाने खाल्लेलं शेवटचं प्यादं

एक होता राजा गजसेन. त्याच्या शेजारी राणी मैनावतीचं छोटंसं राज्य होतं. त्या मुलखात लढाया नव्हत्या, बरं का. भांडण झालं की बुद्धिबळाचा पट मांडायचा. ज्याच्यावर मात होईल, त्याने समोरच्याने मागितलेली वस्तू देऊन टाकायची.

गजसेनाला राणीचं सगळंच हवं होतं. आधी त्याने आमराई मागितली. मग डाव झाला. त्याचा हत्ती थेट शेवटच्या रांगेत घुसला. शह! राणीच्या राजाला पळता येईना, पुढे त्याचीच प्यादी उभी. शह आहे आणि सुटका नाही, म्हणजे मात. आमराई गेली.

मग त्याने कुरण मागितलं. या वेळी वजीर राजाच्या अगदी नाकासमोर आला. शह! वजिराला मारावं, तर त्याच्या पाठीशी उंट टपलेला. पळावं, तर जागा नाही. पुन्हा मात. कुरण गेलं.

मग त्याने तळं मागितलं. राणीच्या राज्यात पाणी तेवढंच. तळं गेलं तर गावंच्या गावं उठणार.

"राणीसाहेब, आज तुमचं एक प्यादं शिल्लक ठेवणार नाही," गजसेन म्हणाला.

"खा की. पोट सांभाळा म्हणजे झालं."

मग त्याने एकेक मोहरा खाल्ला. जिंकायची चाल समोर दिसत होती, तरी आधी शेवटचं प्यादं खाल्लं. अशा माणसांना नुसतं जिंकून भागत नाही. राणीचा एकटा राजा कोपऱ्यात सरकला. मग गजसेनाने वजीर त्याच्यापासून घोड्याच्या अडीच घरांवर आणून ठेवला.

"हला आता!"

राणीने पाहिलं. शेजारच्या प्रत्येक घरावर वजिराचा मारा. हलणार कुठे?

"हरलात! तळं माझं!"

पंच होते म्हातारे केरोपंत. ते म्हणाले, "महाराज, राणीसाहेबांच्या राजाला आत्ता शह आहे का?"

गजसेनाने पट निरखला. राजा उभा होता त्या घरावर कुणाचाच मारा नव्हता.

"शह नाही, म्हणजे मात नाही. चालही नाही, म्हणजे डाव बरोबरीत सुटला."

"अहो, मी त्यांचं सगळं सैन्य खाल्लं!"

"तेच नडलं. ते प्यादं ठेवलं असतं, तर त्यांना ते हलवावं लागलं असतं. मग तुम्ही खुशाल मात दिली असती."

गजसेन पट उधळून निघून गेला. तळं राणीकडेच राहिलं. कुणाला गाव सोडावं लागलं नाही. माणसं पाणी भरत राहिली, गुरं पाणी पीत राहिली, सगळे सुखाने नांदले. चला, पांघरुणं ओढा आणि मिटा डोळे.