दक्षिणेचं दार

इचलकरंजीच्या विणकर वसाहतीत कर्ज थकून बँकेने एखादं घर जप्त केलं की विलास धुमाळ हजर असायचा. लिलावात मातीमोल भावाने घर उचलायचं, रंग मारून दुप्पट किमतीला विकायचं, हा त्याचा धंदा. माग बंद पडले आणि इंदुमती कोष्टींच्या घराची पाळी आली. चांगली बोली लागली तरच कर्ज फिटून त्यांच्या हाती काही उरणार होतं.

लिलावाआधी घर बघायला गिऱ्हाइकं जमली. धुमाळ उंबऱ्यात उभा राहून मोठ्याने म्हणाला, "दार थेट दक्षिणेला! अशा घरात कुणाचं भलं होतं? बाईंचं काय झालं ते बघताय ना?"

गिऱ्हाइकं चपला शोधू लागली.

इंदुमतीबाईंच्या अंगाची लाही झाली. हेच भाषण त्यांनी शेजारच्या तीन लिलावांत ऐकलं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "या ओळीतली सगळी दारं दक्षिणेलाच आहेत. शेजारची तीन घरं धुमाळसाहेबांनीच विकली. ती घेणारे हे बघा, ओट्यावर बसलेत. मीच चहाला बोलावलंय. साहेब, आता बोललात ते जरा यांच्याकडे तोंड करून बोला."

तिघेही उठले. "आम्हाला तर राजयोगाचं दार म्हणाला होतात!" एकाने बाह्या सरसावल्या.

धुमाळने घाम पुसला. "तसंच आहे... दक्षिणेचं दार लक्ष्मी आणतं. घर सोन्यासारखं आहे."

गिऱ्हाइकं पुन्हा आत वळली.

"मग उद्या पहिली बोली तुम्हीच लावा," इंदुमतीबाई म्हणाल्या, "आणि सोन्याच्याच भावाने लावा. हे तिघे ऐकायला येणार आहेत."