आबासाहेबांचा संताप

इनामदार फत्तेसिंगरावांच्या सांगण्यावरून त्यांची धाकटी बहीण, कीर्तनकार गोदाक्का, हिने दिवंगत वडिलांचे चरित्र लिहिले. त्यात वडिलांची भक्ती होती, तसाच त्यांचा जमदग्नीसारखा संतापही होता.

"गोदे, आबासाहेबांच्या अंगी दोष नव्हता!" फत्तेसिंगराव कडाडले. "ती पाने फाड, नाहीतर आमच्या देवळात कीर्तनाला उभी राहू नकोस!"

कीर्तन म्हणजे गोदाक्काचा प्राण. ती नम्रपणे म्हणाली, "फाडते, दादासाहेब. पण आबा रोज पूजेनंतर कान धरून म्हणत, 'देवा, मी फार संतापी, क्षमा कर.' मग ते रोज देवाशी खोटे बोलत, असे लिहू?"

फत्तेसिंगराव वरमले. "राहू दे तो संताप. मात्र तो माझ्यात उतरला आहे, एवढे लिहू नकोस!"