मिनिटाच्या भावाची कुस्ती

हिरवडी संस्थानच्या भैरू पैलवानाचा खुराक कारभारी त्र्यंबकरावांच्या डोळ्यांत खुपायचा. दूध, तूप, बदाम, वर तनखा. आणि काम काय, तर जत्रेत एक कुस्ती!

“वर्षभर पोसायचं आणि हा चार मिनिटांत मोकळा!” ते भर दरबारात म्हणाले. “सरकार, यंदापासून जितकी मिनिटं कुस्ती, तितकेच रुपये द्यावेत.”

भैरूला ते झोंबलं. पण मिशीवरून हात फिरवत तो एवढंच म्हणाला, “कबूल, सरकार.”

जत्रेत दुपारी तीनला त्याची कुस्ती लागली. समोरचा गडी तगडा होता, तरी भैरू त्याला नुसता खेळवत राहिला. धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. पाच वाजले, सहा वाजले. हिरवडीचा रिवाज असा, की कुस्ती निकाली होईपर्यंत कारभाऱ्यांनी मानाच्या फेट्याचं तबक हातांत धरून हौद्याकाठी उभं राहायचं. त्र्यंबकरावांच्या पोटऱ्या भरून आल्या, घशाला कोरड पडली.

अखेर ते ओरडले, “अरे, पाड की एकदाचा!”

“मिनिटाचा भाव हाय, सायेब. घाई कशी परवडंल?”

“जुना तनखा घे, खुराक घे, पण पाड बाबा!”

त्यांचं बोलणं संपायच्या आत भैरूने गड्याला अस्मान दाखवलं.

“सायेब,” तो हौद्यातून वर येत म्हणाला, “तासन्‌तास झुंजायला नुसती भाकरी बी पुरते. चार मिनिटांत पाडायचं, तर बदाम लागत्यात.”

आणि फेट्यासाठी मान न वाकवता तो ताठ उभा राहिला. दुखऱ्या पोटऱ्यांनी त्र्यंबकरावांनाच टाचा उंचावाव्या लागल्या.