बारावा तांब्या

ज्या काळी राजे घोड्यावरून हिंडत आणि लबाड माणसं पायी निघूनही त्यांच्या आधी पोचत, अशा फार फार पूर्वीच्या काळी एका राजाच्या पदरी एक पारखी होता. जुन्या मूर्ती, जुनी नाणी, जुने ताम्रपट खरे की बनावट, हे तो सांगे. त्याने होकार दिला, तरच राजा वस्तू खरी मानी.

हा पारखी आयुष्यात एकदाच फसला होता. जुन्या बाजारातून आलेला एक दिवा त्याने हजार वर्षांचा ठरवला, आणि भर दरबारात एक कारागीर उठून म्हणाला, "महाराज, हा दिवा मी गेल्या चैत्रात घडवला. मीठ चोळून उकिरड्यात पुरून ठेवला होता, म्हणून हिरवा पडलाय." दरबार पोट धरधरून हसला. राजाही हसला.

ते हसू पारख्याच्या कानातून कधी गेलंच नाही. त्या दिवसापासून त्याचा कशावरच विश्वास उरला नाही. बायकोने जेवायला हाक मारली, तरी हा आधी चुलीवरचं झाकण उघडून बघे. सकाळ झाली असं कुणी म्हटलं, तर खिडकीतून डोकावून खात्री करून घेई.

लोक वस्तूबरोबर एक गोष्टही विकतात, हे त्याने ओळखलं होतं. कुणी म्हणे ही मूर्ती माझ्या आज्याला नदीत सापडली, कुणी म्हणे नांगराला लागली. म्हणून त्याने दारावर पाटी लावली: 'इथे वस्तू बोलेल. माणसाने गप्प बसावे.' तो एकच प्रश्न विचारी, "कुठून आणलं?" पुढे कुणी अवाक्षर काढलं, तर हात वर करी.

त्या राज्यात एक रीत होती. जो ताम्रपट खोटा ठरेल, तो तांबटाच्या भट्टीत जाई, आणि त्याच तांब्याचा एक तांब्या घडवून पारख्याला बक्षीस मिळे. पारख्याच्या ओसरीवर असे अकरा तांबे ओळीने मांडलेले होते. रोज सकाळी तो ते स्वतःच्या हाताने पुसे. आपण पुन्हा फसलो नाही, याच्या त्या अकरा साक्षी होत्या.

आता त्याच राज्यात तळ्याकाठी एक गाव होतं. तळ्याच्या पाण्यावर गावाची भातं, गावाची गुरं, गावाचं सगळंच. राजाच्या एका जुन्या पूर्वजांनी ते तळं गावाला दिलं होतं आणि तसा ताम्रपट कोरून दिला होता. पिढ्यान् पिढ्या तो कडीत अडकवून देवळाच्या खुंटीला टांगलेला असे. मग एका साली दरोडेखोरांनी देऊळ लुटलं आणि ताम्रपट गेला.

तळ्यावर एका सरदाराचा डोळा होता. तो राजाकडे गेला आणि म्हणाला, "तळं गावाचं असेल, तर ताम्रपट दाखवू दे." राजाने गावाला पौर्णिमेपर्यंतची मुदत दिली.

पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना गावातली एक म्हातारी जुन्या बाजारात गेली. मोडीची भांडी विकणाऱ्या एकाने पाण्याच्या माठावर काळाकुट्ट पत्रा झाकण म्हणून ठेवला होता. त्याच्या कोपऱ्यात एक मासा कोरलेला होता. लहानपणी देवळात तिने तो मासा बोटाने शंभरदा गिरवला होता. तिने गावाकडे धाव घेतली. गावाने दोन गोणी भात देऊन तो पत्रा सोडवून आणला.

आणि मग गावाने ती चूक केली, जी त्या गावानेच करावी. देवापुढे किंवा राजापुढे काळं भांडं न्यायचं नाही, हा तिथला शिरस्ता. साऱ्या बायका तळ्याच्या पायरीवर बसल्या. चिंच आणि राख घेऊन, गाणी म्हणत, हसत, डोळे पुसत त्यांनी तो ताम्रपट असा लखलखीत घासला की त्यात तोंड दिसावं.

म्हातारी तो घेऊन पारख्यापुढे उभी राहिली.

"कुठून आणलं?" पारख्याने विचारलं.

"जुन्या बाजारातून, बाबा. आठ दिवस झाले."

पारख्याच्या भुवया वर गेल्या. इतकी वर्षं हरवलेला ताम्रपट नेमका गरज पडल्यावर सापडतो? आणि तोही असा चकचकीत?

"बाबा, ऐका तरी. आम्ही तो..."

पारख्याने हात वर केला.

त्याने ताम्रपट उजेडात धरला. अक्षरं जुन्या वळणाची होती. 'वळण शिकता येतं,' तो मनाशी म्हणाला. अक्षरं झिजलेली होती. 'मुद्दाम झिजवली.' तळ्याच्या चारही सीमा बिनचूक होत्या. 'इतक्या बिनचूक? नक्कीच कुणीतरी बसून जुळवल्या.' खरेपणाची प्रत्येक खूण त्याच्या हातात येताच लबाडीची खूण होत होती. त्याला हवं तेवढं सापडलं आणि त्याने बघणं थांबवलं.

"खोटा," तो म्हणाला.

म्हातारी रडली नाही. तिने फक्त एकदा पाटीकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सरदाराची माणसं तळ्यावर उभी राहिली, आणि गावाची गुरं कोरड्या तोंडाने माघारी फिरली.

चार दिवसांनी तांबट बारावा तांब्या घेऊन आला. त्याने तो ओसरीवर ठेवला आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. आत तांब्याचा नखाएवढा तुकडा होता.

"हे काय?" पारख्याने विचारलं.

"कडी ओवायच्या भोकाची कड आहे, मालक. वितळवायच्या आधी कापून ठेवली. भोक वरच्या अंगाला लांबट झिजलं होतं. शेदोनशे वर्षं कडीला लोंबकळल्याशिवाय असं झिजत नाही. आणि आतला काळा थर बघा. पत्रा चिंचेने घासलेला होता, पण भोकाच्या आत बोट कुणाचं जाणार?"

पारख्याने तुकडा हातात घेतला. त्याने आतल्या काळ्या थरावर नख ओढलं; थर निघाला नाही.

"तुला हे दिसलं, तर तू तेव्हाच धावत येऊन मला सांगितलं का नाहीस?"

"आलो होतो की," तांबट म्हणाला. "तोंड उघडलं तर तुम्ही हात वर केलात."

पारखी तसाच अनवाणी राजवाड्याकडे धावला. भर दरबारात त्याने तो तुकडा राजापुढे ठेवला आणि आपण चुकलो, असं सगळ्यांदेखत सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. त्याला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

राजाने सरदाराला हाकलून तळं गावाला परत दिलं आणि बारावा तांब्या मोडून नवा ताम्रपट कोरायला सांगितला. तो घेऊन पारखी स्वतः तांबटासह गावात गेला.

म्हातारीने नव्या पत्र्यावरून हात फिरवला. मासा कुठेच नव्हता.

"तांबं आमचंच आहे ना, बाबा?" तिने विचारलं.

"तुमचंच, आजी. पण अक्षरं नवी आहेत. ती जुनी मला परत आणता येणार नाहीत." त्याने रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मासा कसा होता, ते सांगाल? मी ऐकतो."

ती सांगत गेली, आणि त्याने खाली बसून शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने बोटाने गिरवून दाखवलेल्या रेषेवर तांबटाने मासा कोरला.

घरी परतल्यावर पारख्याने पाटी काढून चुलीत घातली. मग तो ओसरीवर आला. अकरा तांबे ओळीने चमकत होते. त्याने एकेक उचलला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. यातले किती खरे होते? कुणाचं शेत, कुणाचं देऊळ, कुणाची विहीर? राज्यातला सर्वांत मोठा पारखी तो, पण वितळलेल्याची पारख त्यालाही येत नव्हती.

त्या दिवसानंतर त्या तांब्यांतून तो कधी पाणी प्यायला नाही.

तात्पर्य: संशयाने प्रश्न विचारावा, त्याला निकाल देऊ दिला, तर खरंही भट्टीत जातं.