टिकलीची शिंपलाभर ज्वारी

एक होती उंदरी. एवढीशी. बाळाच्या अंगठ्याएवढी. तिचं नाव टिकली.

टिकलीला सात पिल्लं. सगळ्यांना नुकते दात आलेले. सगळ्यांची भूक भारी.

सुगीत टिकलीने ज्वारी वेचली. एक एक दाणा. तुरुतुरु, तुरुतुरु. पण तिचं बीळ ओलं. दाणे बुरसले असते. शेजारच्या घूसमावशीचं बीळ खोल आणि कोरडं. मग टिकलीने रावजी कुंभाराचा शिंपला मागून आणला. काठोकाठ भरला. मावशीला म्हणाली, माझं एक माप ठेव, लागेल तेव्हा नेईन. मावशीने दाणे आपल्या ढिगात ओतले. शिंपला रावजीकडे परत गेला.

मग वाईट दिवस आले. पाऊस नाही. रान पिवळं. ओढा आटला. सात पिल्लं रडू लागली. चीं चीं, चीं चीं.

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली घूसमावशीकडे.

"मावशी, मावशी, माझं माप दे."

मावशीने शेंगेचं टरफल घेतलं. आठ दाण्यांत ते भरलं.

"घे. एक माप ठेवलंस, एक माप ने."

टिकली बघतच राहिली. म्हणाली, माझं माप शिंपल्याचं होतं, मावशी, टरफलाचं नव्हतं.

"माप म्हणजे माप," घूस म्हणाली. "पटत नसेल तर शिंपला आण. मोजून दाखव."

घूस काही खोटी नव्हती, बरं का. तिच्या घरी टरफलानेच मोजत. तिच्या आईनेही टरफलानेच मोजलेलं. दुसरं माप असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आठ दाणे. सात पिल्लांना सात. उरला एक, तो टिकलीचा. तिने तो खाल्ला नाही. गालात ठेवला. रिकामं टरफल पाठीवर घेतलं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली रावजी कुंभाराकडे.

"रावजीदादा, रावजीदादा, शिंपला दे.
पिल्लं माझी भुकेली.
एक शिंपला नाही, तर दाणे नाहीत."

रावजी शिंपल्याने मडकं घासत होता. घस घस, घस घस. शिंपल्याने घासलं की मडकं गुळगुळीत होतं. तो म्हणाला, मागे नेलास तेव्हा माझी मडकी खरखरीत राहिली, आता फुकट नाही देणार.

"माती संपलीय. एक खेप माती आण, मग शिंपला ने. आणशील का तुझ्या या पाठीवर?"

मागून आवाज आला. चीं चीं, चीं चीं. जरा हळू.

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली गाढवाकडे.

"गाढवमामा, गाढवमामा, माती आण.
पिल्लं माझी भुकेली.
एक शिंपला नाही, तर दाणे नाहीत.
एक खेप नाही, तर शिंपला नाही."

गाढवाच्या बरगड्या दिसत होत्या. त्याने मानही उचलली नाही.

"जाताना एक पेंढी, येताना एक पेंढी. एका खेपेला दोन पेंढ्या. त्याशिवाय पाय उचलत नाही, बाई."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली हरळीकडे.

"हरळीताई, हरळीताई, पेंढ्या दे.
पिल्लं माझी भुकेली.
एक शिंपला नाही, तर दाणे नाहीत.
एक खेप नाही, तर शिंपला नाही.
दोन पेंढ्या नाहीत, तर खेप नाही."

हरळी जमिनीला चिकटलेली. वाळून दोरी झालेली. ती कुजबुजली.

"एका पेंढीला तीन टरफलं पाणी."

टिकलीने आपल्या मिशा मोजल्या. एका पेंढीला इकडच्या तीन. दुसऱ्या पेंढीला तिकडच्या तीन. दोन पेंढ्यांना सहा.

मागून आवाज आला. चीं… चीं. फार हळू.

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली झऱ्याकडे.

"झरेबुवा, झरेबुवा, पाणी दे.
पिल्लं माझी भुकेली.
एक शिंपला नाही, तर दाणे नाहीत.
एक खेप नाही, तर शिंपला नाही.
दोन पेंढ्या नाहीत, तर खेप नाही.
सहा टरफलं पाणी नाही, तर पेंढ्या नाहीत."

झऱ्यातून एक थेंब पडला. टप. मग खूप वेळ काहीच नाही. मग पुन्हा टप.

"असा थेंब थेंब देईन, तर एक टरफल भरायला दिवस जाईल," झरा म्हणाला. "माझ्या तोंडात खेकडा बसलाय. तो सरकला तर धार सुटेल."

टिकलीने मागे कान दिला. आवाज आला नाही.

टिकली वर चढली. तुरु… तुरु. गेली खेकड्याकडे.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, जरा सरक.
पिल्लं माझी भुकेली.
एक शिंपला नाही, तर दाणे नाहीत.
एक खेप नाही, तर शिंपला नाही.
दोन पेंढ्या नाहीत, तर खेप नाही.
सहा टरफलं पाणी नाही, तर पेंढ्या नाहीत.
एक धार नाही, तर पाणी नाही."

खेकडा म्हणाला, मी पण उपाशी आहे. उपाशी अंगाने कुठे सरकू?

"एक दाणा दे. सरकतो."

टिकलीच्या गालात एक दाणा होता. तिचा स्वतःचा. ओला झालेला, पण अख्खा. तिने तो काढला आणि खेकड्यापुढे ठेवला.

खेकड्याने दाणा खाल्ला. तिरपा तिरपा चालत बाजूला झाला.

मग झऱ्याला धार आली. झुळुझुळु, झुळुझुळु.

धारेने टरफल भरलं. एक, दोन, तीन. चार, पाच, सहा.

हरळी पाणी प्यायली. पण गवत काही घाईने वाढत नाही, बाळा. टिकली तिथेच बसून राहिली. सूर्य गेला, सूर्य आला. हिरवे कोंब आले. कुरतुडु कुरतुडु, पेंढ्या झाल्या दोन.

एक पेंढी खाऊन गाढव गेलं. माती घेऊन आलं आणि दुसरी पेंढी खाल्ली. ठुबुक ठुबुक, ठुबुक ठुबुक.

मातीची खेप उतरली. रावजीने टिकलीकडे पाहिलं. तिचं पोट पाठीला लागलेलं. त्याने शिंपला पुसला आणि स्वतःच घुशीच्या दारात नेऊन ठेवला.

घूसमावशी मोजू लागली. टरफल भरायची, शिंपल्यात ओतायची. खुळखुळ.

एक टरफल. शिंपल्याचा तळ दिसतच होता.

दोन, तीन, चार, पाच, सहा. शिंपला अर्धा झाला. मावशीचा हात हळू झाला.

सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा.

बारा टरफलं, एक शिंपला. मावशीने दिलं होतं एक. अकरा द्यायची राहिली होती. तिने एक टरफल आपलं बाजूला काढलं. बाकीच्या अकरा टरफलांचे दाणे तिने टिकलीच्या दारापर्यंत ढकलत नेले.

बीळ गप्प होतं.

टिकलीने एकाच्या तोंडाशी दाणा धरला. थांबली. कुट्ट. चीं. दुसऱ्याच्या तोंडाशी धरला. कुट्ट. चीं. मग तिसरं. मग चौथं. पाचवं. सहावं चीं.

सातवं धाकटं. टिकलीने त्याला चाटलं. ऊब दिली. पुन्हा चाटलं. त्याने तोंड उघडलं नाही.

सगळे जेवायला बसले तेव्हा टिकलीने नेहमीसारखे आठ वाटे केले. सात पिल्लांचे सात, एक आपला. एका वाट्याला अकरा दाणे, आत्ता खाल्लेला धरून. मग तिने पाहिलं. एक वाटा तसाच राहिला होता.

घूसमावशी दारातच उभी होती.

"मला वाटलं, माप म्हणजे माप," ती म्हणाली.

"माप कुणाचं, ते आधी विचारायचं, मावशी," टिकली म्हणाली. "मीही सांगितलं नव्हतं."

मावशीने तो वाटा उचलला. दोघी झऱ्याकडे गेल्या. तिथे माती ओली होती. मावशीने आपल्या मोठ्या पंजांनी खड्डे केले. एका दाण्याला एक खड्डा. टिकलीने प्रत्येक खड्ड्यात दाणा ठेवला आणि वर माती लोटली.

झरा वाहत राहिला. झुळुझुळु.

पुढे तिथे अकरा ताटं आली. एका ताटाला एक कणीस. सहा पिल्लं ताटांखाली खेळायची. टिकली म्हणायची, ही ज्वारी धाकट्याची. खा, पण सांडू नका.

आणि रावजीने शिंपला काही परत नेला नाही. मडकी घासायला दुसरा शोधला. तो शिंपला घुशीच्या दारात असतो. कुणी दाणे ठेवायला आलं की मावशी आधी विचारते, माप कुणाचं?

शिंपला पालथा, गोष्ट पुरी. झोप आता.