नावाडिणीचा हात

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात एक नावाडी राहत होता. पंचक्रोशीत त्याच्यासारखी नाव कोणी हाकत नसे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

एके वर्षी शत्रू चालून आला. गावचे पुरुष नदीपलीकडे लढायला गेले. नावाड्याने वल्हं ठेवून भाला उचलला. त्याच्या बायकोने ते वल्हं हाती घेतलं. गावातल्या बाया भाकऱ्या भाजत, नावाडीण त्या पलीकडे पोचवी आणि येताना जखमींना घेऊन येई.

लढाई गावाने जिंकली. अंथरुणातून उठून जखमी पायाने लंगडत नावाडी घाटावर कामाला परतला, तर उतारू विचारू लागले, "नावाडीण कुठाय? तिच्या नावेत पाणी हलल्याचंही कळत नाही!"

नावाड्याच्या पोटात दुखू लागलं. घरी आला की तो आमटी अळणी म्हणून ताट सरकवी.

पंच निवडायचा दिवस आला. गावासाठी ज्याने जीव धोक्यात घातला त्यानेच हात वर करून कौल द्यायचा, अशी तिथली रीत. म्हणून आजवर पुरुषांचेच हात वर होत. त्या दिवशी नावाडीण बायांना घेऊन सभेत आली.

"आम्हालाही हात वर करू द्या."

पाटील हसला. "तुम्ही भाकऱ्या पोचवल्यात, बाई. बाणांच्या माऱ्यात कोण गेलं होतं? कुणा पुरुषाने पाहिलंय?"

बायकांची साक्ष सभेत चालत नसे. तिने आणलेले बाकीचे जखमी मदतीला आलेले परमुलखातले, ते आपापल्या गावी गेलेले. उरला एकटा नावाडी. त्यालाही तिनेच आणलं होतं. बाण सणसणत होते, दोन बाया दाराच्या फळ्या आडव्या धरून बसल्या होत्या आणि ती उभ्याने वल्हवत होती. त्याने सारं पाहिलं होतं. पण गावात मात्र 'मी बेशुद्ध होतो' असंच सांगितलं होतं.

गप्प बसलं की तिचा बोलबाला सरेल आणि घाट पुन्हा आपलाच, त्याच्या मनात आलं. त्याने चोरून बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. त्याच्याकडून तिला आशाच नव्हती. हे त्याला जखमेहून जास्त झोंबलं.

तो उठला. "मी पाहिलंय, पाटील. बाणांच्या माऱ्यातून या बायांनीच मला आणलं. बायको माझ्याहून चांगली नाव हाकते, हे मला सोसवत नव्हतं, म्हणून खोटं बोललो."

"मग रीत ती रीत," पाटील म्हणाला, आणि बायांचे हात वर झाले.

पंचपदासाठी नवऱ्याचा जिवलग मित्रही उभा होता; नावाडिणीचा हात नेमका त्याच्याविरुद्ध गेला. मित्र हरला.

"निदान मला विचारायचं तरी!" वाटेत नावाडी धुसफुसला.

"तुम्हाला विचारूनच वर करायचा असता, तर हात मागितलाच कशाला असता?" ती म्हणाली.

त्या रात्री मात्र नावाडी आमटी मुकाट्याने जेवला.

तात्पर्य: मन जळत असलं तरी साक्ष खरीच द्यावी, आणि संकटात ज्यांचे हात गावाला चालतात, निर्णयातही त्यांचे हात चालायलाच हवेत.